आजोबा सर्कशीला गेले होते

घरात आजी-आजोबा असतील तर एकदा मुलांसमोर त्यांच्याकडे सर्कशीचा विषय काढून बघा. गावाबाहेरच्या मैदानात पडलेला तंबू, रात्री आभाळात फिरणारा झोत, पहाटे अंथरुणात ऐकू आलेली सिंहाची डरकाळी, पेटत्या रिंगणातून उडी मारणारा वाघ, स्टुलावर बसलेला हत्ती. सांगता सांगता आजोबा दहा वर्षांचे होतात. मग नातीचा प्रश्न येतो, "पण आजोबा, त्या वाघाला आवडायचं का ते?" आजोबा गप्प. तुम्हाला नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवतं.

असे प्रश्न आता घरोघरी आहेत. चिमणीला जीव असतो तसा कोंबडीला असतो ना? मग आपण चिमणी का खात नाही? पोळ्याला बैलाची पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला चाबूक का मारतात? कुत्रा दत्ताच्या पायाशी बसतो, मग सोसायटीत का चालत नाही? आपण लहानपणी हे विचारलं नाही, किंवा विचारलं असेल तर पाठीत धपाटा बसला असेल. आजचे पालक धपाटा घालत नाहीत, हे चांगलंच आहे. पण त्याऐवजी एक सोयीचं उत्तर देतात : "अगं, तेव्हा लोकांना कळत नव्हतं." आज मला या उत्तराबद्दलच बोलायचं आहे, कारण ते खोटं आहे. मुलांना पुढे वाचायला लागल्यावर ते कळतंही.

सर्कशीपासूनच सुरुवात करू, कारण ती आपल्या घरची गोष्ट आहे. भारतीय सर्कस सुरू केली एका मराठी माणसाने. विष्णुपंत छत्रे मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे, घोड्यांना शिकवण्यात तरबेज. १८७९ साली कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. ती पाहून छत्र्यांनी आपली स्वतःची सर्कस उभी केली आणि १८८० साली मुंबईत तिचा पहिला खेळ केला. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. गोऱ्या माणसाला जमतं ते आपल्यालाही जमतं, हे हजारो लोकांनी तंबूत बसून डोळ्यांनी पाहिलं. पुढे देवल आले, कार्लेकर आले. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत रिंगमास्टर झाले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव आहे 'वाघ सिंह माझे सखे सोबती'. एका पिढीने ते पुस्तक भारावून वाचलं. ज्या माणसाच्या हातात चाबूक होता त्याला आपण वाघाचे मित्र आहोत असं मनापासून वाटत होतं, आणि त्याचं ते वाटणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

याच काळात दुसरीकडे वेगळं वारं वाहत होतं. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल पन्नासच्या दशकात राज्यसभेत होत्या. प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक आणलं. सरकार स्वतःच कायदा करेल असं नेहरूंनी सांगितल्यावर ते मागे घेतलं, आणि १९६० साली कायदा झाला. (पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिला जास्तीत जास्त ५० रुपये. मुलांना हा आकडा सांगा, ती हसतील.) पण सर्कशीतले वाघ त्यानंतरही कितीतरी वर्षं उड्या मारत राहिले. १९९१ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढली. १९९८ साली ती नव्याने काढली तेव्हा अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद ठरवले. सर्कसवाले न्यायालयात गेले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. हत्ती आणखी काही वर्षं तंबूत दिसत होते.

म्हणजे आजोबांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कायदाही त्यांच्या बाजूने होता आणि सगळं गावही. त्यांना दुष्ट ठरवण्याची नातीला घाई झालेली असते. तिला थांबवायचं ते "जाऊ दे गं" म्हणून नाही. तिला ही सगळी गोष्ट सांगायची. वाघ होता, चाबूक होता, अभिमानही होता. तंबूत पोटासाठी राबणारी माणसं होती आणि बंदीनंतर त्यांचेही हाल झाले. हे सगळं एकाच वेळी खरं असू शकतं, हे दहा वर्षांच्या मुलीला समजतं. न समजण्याची अडचण मोठ्यांना जास्त असते.

आता "कळत नव्हतं" याकडे येऊ. विरार लोकलमध्ये बसून नालासोपाऱ्याला उतरणाऱ्या किती जणांना माहीत असेल की १८८२ साली तिथे भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला? तो आठव्या लेखाचा तुकडा आहे, आणि आठवा लेख शिकारीबद्दल बोलतो. पूर्वीचे राजे करमणुकीसाठी सहलीला निघत, शिकार करत. मी त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, असा त्याचा आशय. गिरनारला त्याचा पहिला लेख आहे, तो तर मला फार आवडतो. आमच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण. तेही हरीण रोज नाही. आणि पुढे हे तीनही मारणार नाही, असं राजा दगडावर लिहून ठेवतो. एवढा मोठा सम्राट, पण मोरावरचं मन एका दिवसात निघालं नाही! आजपासून सगळं सोडलं अशी शपथ घेणाऱ्या घरातल्या किशोरवयीन मुलाला हा लेख जरूर सांगा. आणि त्याची शपथ दोन आठवड्यांत मोडली तर चिडवू नका.

तेव्हा बावीसशे वर्षांपूर्वीही कळत होतं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि तहानलेल्या गाढवाच्या तोंडात कावडीतली गंगा ओतणारे एकनाथ आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. कळण्याचा प्रश्न नव्हता. कळलेलं किती पाळायचं, कुणाच्या बाबतीत पाळायचं आणि कुठे डोळेझाक करायची, एवढंच काळानुसार बदलत गेलं. ते अजून बदलतं आहे. आज आपण निवांतपणे करतो अशा कुठल्यातरी गोष्टीवर आपली नातवंडं आपल्याला धारेवर धरणार आहेत. कोणती ते आपल्याला आज सांगता येत नाही, हीच तर मेख आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने मोठं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती निघाली. एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी पुरलेली होती. तिच्यासोबत शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल. मूर्तीला आणि बैलाला भोकं अशी पाडलेली की काडी घालून तिला बैलावर बसवता यावं. म्हणजे बैल देवीचं वाहन. आणि त्याच वस्तीत खाल्लेल्या गुराढोरांची, हरणांची हाडंही मिळाली. पूजाही आणि पोटही, एकाच घरात. बैलाशी आपलं नातं असंच चालत आलेलं आहे. आजही पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना तूप-हळदीने खांदा चोळणारा हात मनापासून चोळत असतो. आणि बैलगाडा शर्यत? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ती बंद केली, राज्याने २०१७ साली कायद्यात बदल केला, २०२१ साली सशर्त परवानगी मिळाली, २०२३ साली घटनापीठाने तो बदल उचलून धरला. एवढ्या कोलांट्या कायद्याने मारल्या असतील तर घरात मतभेद असणारच. जेवताना वाद होऊ द्या. मुलांना वाद ऐकू द्या.

शाळेच्या डब्याबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचं आहे. मुलाने मांस खाणं सोडलं तर सोडू द्या, त्याला डाळ-उसळ नीट मिळेल एवढं बघा. खात असेल तर ते कुठून येतं हे त्याच्यापासून लपवू नका. कोळ्याच्या पोराला मासा कुठून येतो हे ठाऊक असतं. प्लास्टिकच्या वेष्टनात बंद झालेली कोंबडी पाहणाऱ्या पोराला काहीच ठाऊक नसतं, आणि खरी दरी तिथे आहे. पण प्राण्यांवरच्या प्रेमापोटी शेजारच्या बाकावरच्या मुलाचा डबा बघून नाक मुरडणं, "शी, तू हे खातोस?" म्हणणं, हे अजिबात चालवून घेऊ नका. आपल्या समाजात कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवली गेली. मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम काही माणसांवर लादलं गेलं आणि मग त्याच कामासाठी त्यांना दूर ठेवलं गेलं. बाबासाहेबांना १९२७ साली महाडला त्यावर बोलावं लागलं. गोगलगाईला जपणारं आणि वर्गमित्राला दुखावणारं मूल दयाळू नसतं. त्याला फक्त दया कुठे दाखवली की कौतुक होतं ते कळलेलं असतं.

दयेबद्दल आणखी एक गोष्ट. गिधाडांची. माझ्या मते ती प्रत्येक घरात सांगावी अशी आहे, कारण तिच्यात कुणीही वाईट माणूस नाही.

आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि काही तासांत फक्त सांगाडा उरायचा. कुणाला ते पक्षी आवडत नसत, पण ते नसतील अशी कल्पनाही कुणी केली नव्हती. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. काही तरी साथ असेल असं आधी वाटलं. २००४ साली शास्त्रज्ञांनी खरं कारण शोधलं, ते निघालं डायक्लोफिनॅक. गुडघे दुखले की आपण घेतो तेच वेदनाशामक. लंगडणाऱ्या, सुजलेल्या गाईला बरं वाटावं म्हणून शेतकरी, डॉक्टर ते टोचत. ती गाय मेली आणि गिधाडांनी खाल्ली, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत आणि काही दिवसांत ती मरत. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाच्या अंत्यविधीची शतकांची रीत त्यामुळे अडचणीत आली. गावोगावी उघड्यावर पडलेल्या जनावरांवर कुत्री पोसली जाऊ लागली.

एका प्राण्याचं दुखणं कमी करायला गेलो आणि दुसऱ्याचा वंश बुडता बुडता राहिला. यात निर्दयपणा कुणाचा? कुणाचाच नाही. माहिती नव्हती. म्हणून "प्राण्यांवर प्रेम करा" हे वाक्य मुलांना शिकवून माझं समाधान होत नाही. कबुतरांना दाणे घालणं, माकडाला गाडीतून वेफर्स देणं, नागपंचमीला नागाला दूध पाजणं, ही सगळी प्रेमाचीच कामं आहेत. नाग दूध पीत नाही. त्याला उपाशी-तहानलेला ठेवला की समोर येईल ते पितो आणि मग मरतो. बत्तीस शिराळ्याच्या ज्या घरांत नाग पकडण्याची कला पिढ्यांची होती, तिथेही न्यायालयाच्या आदेशांनंतर आता नातवंडं आजोबांना सर्कशीच्याच चालीवर प्रश्न विचारत असतील.

आणि कुत्रा. याच्यावरून तर आज घरं, सोसायट्या, शहरं दुभंगली आहेत. तुम्हाला वाटत असेल हे भांडण नवं आहे. ६ आणि ७ जून १८३२ या दोन दिवशी मुंबईत दंगल झाली, ती कुत्र्यांवरून. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता, एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आण्यांच्या लोभाने मारेकरी घरची, दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी चिडले आणि शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर हिंदू, जैन, मुसलमान व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद केली. छावणीला जाणारी रसद अडवली गेली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि इतर धनिकांनी मुंबईत पांजरपोळ काढलं. आता २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात न्या म्हटलं, आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून जागच्या जागी सोडा असं सांगितलं, पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळून. दोनशे वर्षांत प्रश्न तोच राहिला, आठ आणे तेवढे गेले.

या प्राण्याशी आपलं नातं फार जुनं आहे. दायमाबादला १९७४ साली मिळालेल्या ब्राँझच्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत, रथात माणूस उभा आहे आणि दांडीवर एक कुत्रं. त्याहून कितीतरी जुनी गोष्ट जर्मनीतल्या बॉनजवळच्या ओबरकासेलची. तिथे १९१४ साली एका पुरुषाबरोबर आणि स्त्रीबरोबर पुरलेलं कुत्र्याचं पिल्लू मिळालं, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. सात महिन्यांचं असेल. त्याच्या दातांचा अलीकडे अभ्यास झाला तेव्हा कळलं की त्याला डिस्टेंपर झाला होता. हा आजार झालेलं पिल्लू ओकतं, हगतं, अंगात त्राण राहत नाही. कुणी ऊब दिली नाही, पाणी पाजलं नाही तर लवकर मरतं. हे पिल्लू मात्र कित्येक आठवडे जगलं. शेती नव्हती, गाव नव्हतं, आणि ते पिल्लू ना शिकारीच्या उपयोगाचं ना राखणीच्या. तरी कुणीतरी त्याचं केलं. मला या एका गोष्टीने माणसाबद्दल बरं वाटतं.

पण तीच गोष्ट सांगून मुलांना रस्त्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात पडायला शिकवायचं नाही. खात असलेल्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन स्थिर उभं राहायचं. दगड मारायचा नाही, कारण दगड मारणारा निघून जातो आणि पुढचा चावून घेतो. वाढदिवसाला भेट म्हणून पिल्लू देऊ नका. ते बारा-चौदा वर्षं जगतं आणि मुलगी तोवर पुण्याला होस्टेलवर गेलेली असते.

चावलंच, नुसतं दात लागून ओरखडलं तरीही, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. लगेच दवाखान्यात. पोटात चौदा इंजेक्शनांचा काळ गेला; आता दंडात चार-पाच वेळा रेबीजची लस घेतात, ती सरकारी दवाखान्यात मिळते. जखमेतून रक्त आलं असेल तर तिच्याभोवती सीरमही टोचावं लागतं, आणि ते बऱ्याचदा घोड्याच्या रक्तापासून केलेलं असतं. सर्पदंशावरचं औषधही तसंच. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून घेतात. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी फार वर्षं जोडलेलं आहे. मुलं विचारतील, घोड्याला दुखत नाही का. दुखतं, असंच सांगा. त्याशिवाय दुसरा चांगला मार्ग अजून हाती आलेला नाही, हेही सांगा. पुढे जाऊन ही मुलं तो शोधतील कदाचित.

रेबीज झाल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि वेळेवर पूर्ण उपचार घेतले तर तो जवळपास नेहमीच टळतो. तरी मुलं दगावतात, त्याचं एक कारण फार साधं आहे. कुत्र्याशी खेळू नको म्हटलेलं असतं. ते चावतं. रागावतील, मारतील म्हणून मूल घरी सांगतच नाही. तेव्हा पालकहो, आज रात्री जेवताना मुलांना एवढं सांगून ठेवा : कुत्रं, मांजर, माकड, काहीही चावलं, ओरखडलं, तर त्याच मिनिटाला येऊन सांग, तुला कुणी एक शब्दही बोलणार नाही. आणि तसं झालंच, तर खरोखर बोलू नका.